तिला जड जातं

आमच्या बचत गटाला इंग्रजी शिकवायला वसमतहून एक कॉलेजातली पोरगी यायची, आठवड्यातून तीन दुपारी, एसटीनं. ती आम्हाला काकू म्हणायची आणि आम्ही तिला मॅडम. यंत्रं देणाऱ्या एका संस्थेच्या बाई आमची हळदीची चक्की बघायला येणार होत्या. त्या दक्षिणेकडच्या, मराठी येत नाही, हिंदीही तोडकीमोडकी. काय अडचण आहे ते बायकांनी स्वतःच सांगावं, असा त्यांचा निरोप होता.

अडचण आम्हाला पाठ होती. चक्कीच्या खोलीला एकच झरोका. हळद दळायला लागली की पिवळी धूळ कोंडायची, आणि चक्कीवर बसणाऱ्या मावशीला खोकल्याची उबळ यायची. डॉक्टरनं सांगितलं होतं, हवा खेळती करा, नाहीतर हे काम सोडा. धूळ बाहेर फेकणारा मोठा पंखा भिंतीत बसला तर मावशी राहणार, नाहीतर घरी बसणार.

मावशी माझ्या नात्यातली नाही. मी कोकणातली, आठवीत शाळा सुटलेली. लग्न होऊन आले तेव्हा इथलं बोलणंही मला नीट उमजत नव्हतं. मावशीनंच मला हाताला धरून गटात आणलं. "पोरी, घरात बसून भिताडाशी बोलतीस काहून? चल चक्कीवर," एवढंच म्हणाली होती. ती घरी बसली तर माझं काय, ही काळजी मला लागून राहिली होती.

मॅडमनं फळ्यावर वाक्याचा साचा लिहिला: आय फाइंड इट डिफिकल्ट टू. "म्हणजे मला अमुक करणं जड जातं. पुढचं आपापलं जोडा, काकू."

एकजण म्हणाली, "आमाला काय जड जाऊन राहिलं? काईच न्हाई."

"पाणी आणणं?"

"ते तं रोजचंच हाय."

इथं आपली तकलीफ कुणी सांगत नाही. अंगात ताप असलेली बाईसुद्धा विचारलं की "बरं हाय" म्हणते आणि तुमच्यासाठी चहा टाकते. हात टेकून मॅडमनं दुसरा साचा दिला, 'शी'चा. तिला जड जातं. मग काय विचारता.

"माज्या सासूला गप बसणं जड जातं."

"माज्या जावेला भाकर गोल थापणं जड जातं. अन् मला ती खाणं."

हसता हसता तास संपला. पुढच्या तासाला मी मात्र घरून 'आय'ची वाक्यं वहीची दोन पानं भरून आणली. मॅडमनं ती सगळ्यांना वाचून दाखवली. कुठल्याही वर्गात मी पहिली आले ती तेव्हाच.

पाहुण्या बाई आल्या त्या दिवशी नेमका मॅडमचा पेपर होता. बाईंनी वही उघडली आणि सावकाश विचारलं, तुम्हाला काय अवघड जातं? मावशी वयानं थोरली, म्हणून उत्तराचा मान तिचा. तिनं पदर सावरला.

"नो डिफिकल्ट. ऑल गुड. टी?" म्हणाली, आणि त्याच दमात खोकली.

बाई हसल्या आणि वही मिटू लागल्या. चहाचे कप फिरायला लागले. मी उभी राहिले. पाठ केलेली दोन पानं एका झटक्यात डोक्यातून गेली. मी मावशीकडे बोट केलं.

"शी फाइंड्स इट डिफिकल्ट टू ब्रीद. मशीन चालू, देन."

वही परत उघडली. मावशी माझ्यावर फिरली. "पाव्हण्यापुढं माजं गाऱ्हाणं मांडतीस व्हय?" आणि मग बाईंकडे वळून, माझ्याकडे बोट करून म्हणाली, "शी डिफिकल्ट स्लीप. मदर फार, फार. शी क्राय."

मला झोप येत नाही, आई लांब म्हणून मी रडते, हे मी कधीच कुणाला सांगितलं नव्हतं. चुलीच्या धुरानं डोळे लाल होतात, हे सगळ्यांना पटलंय असं मी धरून चालले होते.

मग थांबतंय कोण. एकीनं दुसरीचे गुडघे सांगितले, दुसरीनं तिसरीचे डोळे. "हिला वजनकाट्याचा आकडा दिसत न्हाई, अंदाजानं सांगती," हे तिनं मराठीतच सांगून टाकलं. तिसरी उसळली, "आदी हिचं लिवा, बाई." पाहुण्या बाई हसत लिहीत राहिल्या. त्यांच्या चहावर साय धरली.

पोळ्याच्या आधी पंखा आला. चालू झाला तेव्हा आम्ही सगळ्या भिंतीमागं जाऊन उभ्या राहिलो आणि पिवळ्या होऊन परत आलो. आत मावशी चक्कीवर बसली होती. खोकला पुरता गेला नव्हता, पण काम सुटलं नाही.

पुढच्या आठवड्यात ती आमच्या घरी आली आणि माझ्या सासूबाईंना म्हणाली, "हिला आठ दिस माहेरी धाडा. हिच्या वाटणीची हळद मी दळते."

"काहून? ही काई बोलली का?"

"ही काय बोलती? मी बोलून राहिले."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, आणि कोकणात जाणारी गाडी कुठून सुटते ते विचारलं.