मिस्त्रींनी जाळीवर काय काय मारलं

फिटिंग खात्यातले आम्ही जुने लोक कुठल्या लग्नात भेटलो, की जेवण राहतं बाजूला आणि आमच्या खात्याच्या मिस्त्रींचे किस्से निघतात. एक सांगायला घ्यावा, तर बाकीचे म्हणतात, "त्याच्या आधीचं सांग की!"

सत्तरच्या दशकातली, सोलापूरच्या आमच्या मिलमधली गोष्ट. मागावर आडवं सूत घेऊन इकडून तिकडं धावणारा लाकडी धोटा कधी कधी निसटून गोळीसारखा सुटायचा. तसल्याच एका धोट्यानं नरसय्या विणकराचा डावा डोळा नेला. तो माग आदल्याच दिवशी मिस्त्रींनी दुरुस्त केला होता. कुणी बोट दाखवलं नाही, पण मिस्त्रींनी लई मनाला लावून घेतलं. प्रत्येक मागाला तारेची जाळी बसवायचीच, असा हट्ट धरला. मॅनेजर म्हणाले, आधी टिकते का ते दाखवा. मग मिस्त्रींनी भंगारातल्या मागाचा दांडा काढून धोटा फेकायचं यंत्र बनवलं. धोटे मोजकेच, म्हणून आम्ही हाताला लागेल ते उडवू लागलो.

*

पहिली उडाली मिस्त्रींच्याच डब्यातली कडक भाकरी. जाळी फाटली, भाकरी शाबूत! मिस्त्री तोंड पाडून घरी गेले. त्यांच्या घरच्या वहिनी मात्र आपल्या भाकरीनं जाळी फाडली म्हणून आठवडाभर गल्लीत सांगत होत्या.

*

एकदा ऐन वेळी दांड्यावर पारवा येऊन बसला. मिस्त्री म्हणाले, "पाव्हणा हाय, बसू दे." अर्धा तास काम बंद. सुपरवायझर ओरडायला आला, तर मिस्त्रींनी त्यालाच खुणेनं गप्प बसवलं.

*

मग वजनदार काहीतरी हवं म्हणून पार्टीसाठी आणलेली सोललेली कोंबडी लावली. नेम चुकला आणि कोंबडी थेट टाइम ऑफिसच्या खिडकीतून आत! क्लार्क तिला तंगडीला धरून बाहेर आला. "हिचा गेटपास कुठाय?" रस्सा मात्र त्यानंही दोनदा घेतला.

*

शेवटी जाड तारेची जाळी तयार झाली. मॅनेजर बघायला आले. दहा धोटे मारले, दहाही अडले. तरी साहेबांचं मन मानेना. म्हणाले, जाळीमागं माणूस बसला असता तर गोष्ट वेगळी.

मिस्त्री बसायला निघाले. तेवढ्यात नरसय्यानं स्टूल ओढलं आणि राहिलेला डोळा जाळीकडं करून बसला. मिस्त्री परत येऊन खटक्यापाशी उभे राहिले, पण खटका ओढेनात.

नरसय्या म्हणाला, "मिस्त्री, सोडा की."

धोटा सुटला, जाळीवर आदळून खाली पडला. साहेबांनी डोळे गच्च मिटले होते. उघडून बघतात तर नरसय्या तसाच टक लावून बसलेला. ते म्हणाले, अरे, निदान डोळा तरी मिटायचास.

"मिटला असता, तर मिस्त्रींची जाळी टिकल्याली मला कशी दिसली असती?"