परड्यातला हुडवा

शिमग्याच्या आदल्या दिवशी, दुपारी तीनच्या सुमारास, आमच्या गल्लीतून निघालेली शेणींची ट्रॉली पंचगंगेकाठच्या स्मशानभूमीत रिकामी झाली. तिच्यात जायला नको होता असा शेणींचा एक रचलेला हुडवाही गेला होता. हे आम्हाला संध्याकाळी कळलं.

इतरत्र ज्यांना गोवऱ्या म्हणतात त्यांना आमच्याकडे शेणी म्हणतात. कोल्हापुरात दहनाला शेणी लागतात. होळीला एका संध्याकाळी ढीगभर जाळण्यापेक्षा पाच शेणींची होळी करावी आणि उरलेल्या स्मशानभूमीला द्याव्यात, असं गल्लीनं काही वर्षांपूर्वी ठरवलं. पोळ्याही आगीत टाकायच्या नाहीत, टोपलीत जमवायच्या आणि ज्यांच्या घरी पुरण शिजत नाही त्यांना पोचवायच्या. हे ठरवणारी बैठक पिठाच्या गिरणीसमोर उभ्याउभ्या झाली. गिरणीचे मालकच मंडळाचे अध्यक्ष होते. यादी लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी वर्तमानपत्रात होतो.

आमच्या समोरच्या घरात दोन म्हशी होत्या आणि त्यांच्या मालकीण होत्या. वय साठीच्या पुढे. सगळी गल्ली त्यांना मावशी म्हणायची. दिवाळीनंतर, थंडी पडली की त्या शेणी लावायला बसायच्या. सकाळी नदीवरून धुकं यायचं आणि गल्लीतून सरकताना त्यांच्या परड्यात, घरालगतच्या मोकळ्या आवारात, थोडा वेळ थांबल्यासारखं वाटायचं. ओल्या शेणाची वाफ त्यात मिसळायची. मावशी दिसायच्या नाहीत, फक्त तळव्याचा आवाज यायचा. थप, मग थोडी शांतता, मग थप. अर्धवट झोपेत तो आवाज कुठून येतोय हे कळत नसे. धुकं विरलं की भिंतीवर ओल्या, गडद वर्तुळांची रांग असायची आणि प्रत्येकावर पाच बोटं.

वाळलेल्या शेणी गोल रचून त्यावर शेणाचंच लिंपण करतात. पाऊस आत शिरत नाही. हा हुडवा. मावशींकडे दोन होते. दारातला लहान होता, चुलीसाठी आणि होळीसाठी. परड्यात पत्र्याखालचा मोठा होता आणि त्याला कुणी हात लावत नसे. दुपारी पत्र्याच्या भोकांतून उन्हाचे ठिपके त्याच्यावर पडायचे आणि संध्याकाळपर्यंत एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जायचे.

त्या वर्षी होळीच्या चार दिवस आधी मावशींना इचलकरंजीला लेकीकडे जावं लागलं. नातवाला ताप होता आणि जावयाची यंत्रमागावर रात्रपाळी होती. म्हशींची धार काढायला त्यांची जाऊ यायची. एसटी गाठायला निघालेल्या मावशी कुंपणापाशी थांबून मला म्हणाल्या, "पेपरवालं, दारातला लहान हुडवा न्या. माझी वाट बघू नगा."

मी यादीत लिहिलं: मावशी, हुडवा एक.

बातमीत जागा कमी असते, म्हणून शब्द काढायची सवय लागते. "दारातला" आणि "लहान" हे दोन शब्द मी त्या सवयीनं काढले.

ट्रॉली भरायच्या दिवशी मी कामावर होतो. पुढचं मला अध्यक्षांनी सांगितलं. घराघरांतल्या शेणी चढवल्या, मावशींच्या दारातला हुडवा चढवला, तरी ट्रॉली काठोकाठ झाली नाही. तेवढ्यात पलीकडच्या पेठेची ट्रॉली समोरून गेली. ती काठाच्या वर हातभर होती आणि वर बसलेल्यांपैकी एकानं विचारलं, "का ओ, अर्धी गल्ली गावाला गेलीया व्हय?"

आमच्याकडे दानातही ईर्ष्या असते. अध्यक्षांनी यादी पुन्हा पाहिली. यादीत हुडवा होता, कुठला ते नव्हतं. परड्याचं फाटक उघडं होतं. लिंपण फोडायला पहार लागली.

मावशी संध्याकाळी सहाच्या एसटीनं आल्या. परड्यात गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. मी गेलो तेव्हा त्या पत्र्याखालच्या रिकाम्या जागेकडे बघत उभ्या होत्या. जमिनीवर एक फिकट गोल उरला होता.

"कुणी न्हेला?"

मी सांगितलं. यादीचंही सांगितलं.

"त्यो माझ्यासाठी हुता," त्या म्हणाल्या.

मला लगेच कळलं नाही. मग त्यांनी सांगितलं. त्यांचे मालक ऐन पावसाळ्यात गेले. नदी पात्राबाहेर होती, हवेलाच ओल होती. शेणी पेट घेईनात. नुसता धूर. माणसं डोळे पुसत ताटकळली आणि त्यांतली किती रडत होती, किती धुरानं, ते मावशींना समजेना. "तवाच ठरीवलं. माज्या वक्ताला कुणाला ताटकळायला लावायचं न्हाय. एकेक शेणी उन्हात उलटून वाळीवलीया."

अध्यक्ष धावत आले. "मावशी, चुकलं. सकाळी ट्रॉली घेतो, हाय तसा हुडवा आणून रचतो."

"हाय तसा?" मावशी म्हणाल्या. "तुज्या गिरणीतलं पीठ परत जोंधळं हुतंय व्हय रं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता आम्ही निघालो. बायकांनी तिकडं कशाला यायचं, असं अध्यक्ष पुटपुटले. "मग शेणी वळकणार कोण? तू?" असं म्हणून मावशी ट्रॅक्टरवर चढल्या.

स्मशानभूमीच्या फाटकाशी कर्मचाऱ्यानं विचारलं, "कुटलं मयत, पावणं?"

"मयत न्हाय. शेणी न्यायच्या हायत," अध्यक्ष म्हणाले.

"आजवर आणणारं बघितलं. न्यायला आलेलं तुमी पयलंच."

पण त्यानं अडवलं नाही. कालच्या शेणी अजून आत रचल्या नव्हत्या, झाडाखाली वेगळ्या पडल्या होत्या. त्यांच्यात लिंपणाचे तुकडे होते. मावशींनी एक शेणी उचलून बोटानं वाजवली. कोरडा, पोकळ आवाज आला. "ही माजी," त्या म्हणाल्या. नदीवर धुकं होतं. पलीकडचा काठ नव्हताच. ऊन धुक्यात मुरून सगळीकडे सारखं पसरलं होतं आणि कुठल्याच वस्तूला सावली नव्हती.

अध्यक्षांनी ट्रॉलीचं मागचं फाळकं खाली पाडलं. त्याच वेळी एक शववाहिका आत आली. बरोबर चार जण होते, चौघांच्या अंगावर कारखान्याचे कपडे. शिरोलीच्या फौंड्रीत ते कामाला होते आणि गेलेला माणूस त्यांच्याच खोलीत राहायचा. गाव दोन दिवसांच्या वाटेवर होतं. तुम्हीच उरका, असं घरच्यांनी फोनवर सांगितलं होतं. हे त्यांनी मोडक्या मराठीत सांगितलं.

कर्मचाऱ्यांनी जवळचा ढीग म्हणून झाडाखालच्या शेणी उचलायला सुरुवात केली.

"ओ, त्या न्हवं!" अध्यक्ष ओरडले. "त्या मालकीच्या हायत! पलीकडच्या घ्या की!"

कर्मचारी थांबले. ते चौघेही आमच्याकडे बघू लागले. त्यांना काय अडलंय ते कळलं नसावं. त्यांतल्या एकाच्या हातात चपला होत्या, त्या गेलेल्या माणसाच्या असाव्यात. पलीकडे आत रचलेल्या शेणी होत्याच. त्याही कोरड्या होत्या. मावशी नाही म्हणाल्या असत्या तर कुणाचं काही अडलं नसतं.

मावशींनी हातातल्या शेणीकडे पाहिलं. मग ती कर्मचाऱ्याला दिली.

"लावा," त्या म्हणाल्या. "आडव्या नगा लावू, उभ्या लावा. मदी वारं जाऊ दे."

"मावशी, तुमच्या त्या..." अध्यक्ष म्हणाले.

"मी काय आजच चाललीया? हात हायत, म्हशी हायत. तू फाळकं लाव वर आणि चार शेणी दे हिकडं."

अध्यक्षांनी दिल्या. मीही दिल्या. त्या हलक्या होत्या, उन्हाच्या वजनाच्या. काही वेळ आम्ही सात जण आणि दोन कर्मचारी एका रांगेत उभे राहून शेणी हातोहात पुढे देत होतो. धुक्यातून कुणाचा हात कुठून येतोय ते पाहावं लागत नव्हतं.

अग्नी दिला तेव्हा पावणेअकरा वाजले होते. शेणींनी लगेच पेट घेतला. धूर झाला नाही म्हणण्याइतका कमी झाला. मावशी शेवटपर्यंत उभ्या होत्या. त्यांनी पदर डोळ्यांना लावला नाही.

उरलेल्या शेणी परत आणल्या नाहीत. संध्याकाळी गल्लीत पाच शेणींची होळी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी परड्यातून तळव्याचा आवाज आला.

पुढचे तीन महिने गल्लीत म्हशींचं शेण कुणी केरात टाकलं नाही. जिथं सापडेल तिथून ते मावशींकडे पोचत होतं. अध्यक्षांनी पत्रा बदलून दिला. नव्या हुडव्याचं लिंपण मृगाच्या आठवडाभर आधी पूर्ण झालं. तो अजून परड्यात आहे.