सातचा पाढा आणि आमचे आतोबा

रंगमंचावर किंवा पडद्यावर जे चाललेलं असतं ते खोटं असतं, ही गोष्ट जन्मभर ज्याच्या गळी उतरली नाही असा मी पाहिलेला एकच माणूस, आणि तो म्हणजे माझे आतोबा. एरवी त्यांना फसवणं कुणाला जमत नसे. कांजूरमार्गच्या एका कारखान्यात ते स्टोअरकीपर होते आणि गोदामातला एक बोल्ट इकडचा तिकडे झाला तरी त्यांना बसल्या जागी कळतं, असं त्यांच्या हाताखालची माणसं सांगत. भाजीवाल्याने मेथीच्या जुडीत खुपसलेलं गवत त्यांना लांबून दिसे. पण नाटकाची तिसरी घंटा झाली की हा माणूस बदलून जाई. पौराणिक नाटकात देव आले की ते चपला काढून पायानेच खुर्चीखाली सरकवत. रेडिओवरच्या श्रुतिकेत नायिका भलत्याच गाडीत बसायला निघाली की हातातली कपबशी खाली ठेवून ते रेडिओला समजावून सांगत, "अहो बाई, ही गाडी तुमची नव्हे." नाटकांतून खलनायक रंगवणारे एक गृहस्थ एकदा मुलुंडच्या बाजारात पडवळ निवडताना दिसले, तर आतोबांनी आत्याचा दंड धरून तिला थेट समोरच्या फुटपाथवर नेलं. आत्या म्हणाली, अहो, पोटासाठी काम करतात ते. त्यावर आतोबा मागे वळून बघत म्हणाले, "इतकं मनापासून करतो म्हणजे मनात काहीतरी असणारच."

मी तेव्हा नुकती नोकरीला लागले होते. आईवडील वाईला, म्हणून मी मुलुंडला आत्याकडे राहत होते. आत्या-आतोबांना मूलबाळ नव्हतं, त्यामुळे माझे लाड तर होतच, शिवाय प्रत्येक सिनेमाला मला बरोबर नेलं जाई. आतोबा कडेची खुर्ची घेत. त्याचं कारण मला पहिल्याच सिनेमात समजलं. नायक संकटात सापडला रे सापडला, की ते हळूच उठून बाहेर जात आणि डोअरकीपरला गाठून पुढे काय होतं ते विचारून घेत. डोअरकीपरला ते ठाऊक होते. "काका, वाचतो तो, जा आत," असं त्याने सांगितलं की ते घाम पुसत परत येत आणि उरलेला सिनेमा मजेत बघत. एकदा मात्र तिथे नवा माणूस होता. त्याने अगदी खरं ते सांगितलं, की मरतो. आतोबांनी तडक आत येऊन आम्हा दोघींना उठवलं आणि सिनेमा अर्धा टाकून घरी आणलं. उगाच कशाला थांबायचं, आपल्याच्याने तर काही होणार नाही, एवढंच ते वाटेत बोलले.

असा माणूस आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवातल्या नाटकाला पुढून तिसऱ्या रांगेत येऊन बसला, तिथे पुढच्या सगळ्या भानगडीला सुरुवात झाली. दरवर्षी आमच्याकडे एखादं हसरं नाटक व्हायचं. त्या वर्षी दुसऱ्या मजल्यावरच्या श्रीधरने, जो एरवी बँकेत हिशेब करायचा, स्वतः एक नाटक लिहिलं आणि ते मानसशास्त्रीय आहे असं तो महिनाभर सगळ्यांना सांगत सुटला. एका सुखवस्तू घरातली नऊ वर्षांची गोड मुलगी आणि एकेक करून अंथरूण धरणारी घरची माणसं, असं ते नाटक. कारण एकट्या आजोबांना कळतं, पण त्यांना अर्धांगवायू झालेला असतो आणि वाचा गेलेली असते. मुलगी रोज संध्याकाळी त्यांच्यासाठी दूध घेऊन येते, त्यात एक पुडी सोडते आणि ढवळता ढवळता शांतपणे सातचा पाढा म्हणते. मुलीचं काम तळमजल्यावरच्या सुमीला दिलं होतं. ते कुटुंब त्याच उन्हाळ्यात मालवणकडून आमच्याकडे राहायला आलं होतं. वडील साकीनाक्याच्या एका कारखान्यात लेथवर होते, आई घरीच असे. सुमी दोन वेण्यांची, अंगाने काटकुळी आणि बोलायला लाजणारी. श्रीधरने तिला का निवडलं हे कुणालाच कळेना. पडदा वर गेला आणि कळलं.

ती पोरगी काही करायचीच नाही. सगळे आरडाओरडा करत असताना ती नुसती उभी राहायची आणि ज्याच्याकडे बघायची त्याला थंडी वाजायची. पहिल्या अंकानंतर पुढे सतरंजीवर बसलेली दोन-चार पोरं रडत आयांच्या मांडीवर गेली. तळमजल्यावरच्या एक बाई तान्ह्या मुलाला पदराखाली घेऊन घरीच निघून गेल्या. आमच्या सेक्रेटरींनी मध्यंतरात, मी पहिल्या प्रवेशातच ओळखलं होतं, असं सगळ्यांना सांगितलं, पण दुसऱ्या अंकाला ते भिंतीजवळची जागा सोडून माणसांच्या मधोमध येऊन बसले. आतोबांना बाहेर जाऊन विचारायला इथे कुणी नव्हतं. ते आत्याच्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसून होते. शेवटी तो दुधाचा प्रवेश आला. सुमी पेला ढवळत पाढा म्हणू लागली. सात पंचे पस्तीस, सात सक बेचाळीस, आणि ती थांबली. ती तशीच पेल्यात बघत उभी. आणि तेवढ्यात आतोबा ताडकन उभे राहिले आणि खुर्चीतल्या आजोबांना हात जोडून म्हणाले, "अहो, पिऊ नका. तिने त्यात काहीतरी घातलंय."

आजोबांचं काम करणारे आमचे खजिनदार नंतर सांगायचे, की त्या आवाजात इतकी कळकळ होती की अर्धांगवायू विसरून त्यांनी मान हलवली असती. सुमीने मान वर केली, आतोबांकडे बघितलं आणि हळूहळू हसली. असं हसू मी त्यापूर्वी आणि त्यानंतर पाहिलेलं नाही. मग त्यांच्याकडे बघतच तिने सात सत्ते एकोणपन्नास म्हटलं आणि पेला आजोबांच्या ओठांना लावला. मागच्या बाजूला कुणीतरी किंचाळलं. पडदा पडल्यावर टाळ्या वाजवायचंही कुणाला सुचेना. श्रीधर पडद्यामागून येऊन आतोबांना म्हणाला, काका, पार वाट लावलीत ना माझ्या नाटकाची. पण बाहेर लोक ज्या जागेची सर्वांत जास्त वाहवा करत होते ती नेमकी तीच, हे कळल्यावर दुसऱ्या दिवसापासून तो सांगू लागला, की काकांना मीच तिथे मुद्दाम उभं केलं होतं.

सुमीला बक्षीस म्हणून फाउंटन पेन मिळालं. पण नाटकाचा मांडव उतरला तरी नाटक काही सोसायटीतून जाईना. संध्याकाळी कुठल्याही घरातून पाढे ऐकू येईनासे झाले. मुलं सातच्या पाढ्याशी अडली की आयाच म्हणत, असू दे, आठचा म्हण. हे हसण्यासारखं होतं. हसण्यासारखं नव्हतं ते हे, की सुमीला कुणी खेळायला बोलावेना. कुणी मुद्दाम ठरवून केलं असं नाही. ती खाली आली की एकेका गॅलरीतून एकेकीला हाक येई, अभ्यास राहिलाय, दूध घ्यायचंय, आणि अंगण रिकामं होई. आमच्या घरातही वेगळं नव्हतं. आतोबा कामावर निघताना दार किलकिलं करून जिन्यात कुणी नाही ना ते बघत. सुमीच्या आईने एकदा वाटीभर आमटी पाठवली, तर त्यांनी ती आत्याला घेऊ दिली नाही, आमच्याकडे आज उपास आहे असं सांगायला लावलं. आत्याने वाटी परत दिली आणि आत येऊन ती बराच वेळ भांडी आपटत होती. मी त्यांना म्हटलं, आतोबा, ते नाटक होतं, श्रीधरने लिहिलेलं. ते म्हणाले, श्रीधरने लिहिलं ते मला माहीत आहे, पण ती माझ्याकडे बघून हसली ते श्रीधरने लिहिलेलं नव्हतं. मी श्रीधरला विचारून घेतलंय.

मग नवरात्र आलं आणि अंगणात मुलींचा भोंडला सुरू झाला. रोज एकेका घरची पाळी. पाटावर हत्ती काढायचा, त्याच्याभोवती फेर धरून गाणी म्हणायची, शेवटी त्या घरच्या बाईने झाकलेलं ताट आणायचं आणि मुलींनी आतली खिरापत ओळखायची. गोड की तिखट, ओली की कोरडी, असं विचारत सगळ्या गलका करत आणि ओळखली की ताटावर झडप पडे. एका संध्याकाळी सुमीच्या घरची पाळी आली. पाळी चुकवता येत नाही म्हणून मुली आल्या. फेर झाला, गाणी झाली. सुमी नवा परकर घालून आईच्या हातातलं ताट घेऊन पुढे आली आणि उभी राहिली. कुणी काही विचारेना. एकीने हात मागे बांधले, मग दुसरीने, मग सगळ्यांनीच. एक जण म्हणाली, मला आई बोलावतेय. आम्ही वरून गॅलरीतून बघत होतो. सुमीची आई आधी हसून सगळ्यांकडे बघत होती, मग तिचं हसू गेलं आणि ती पोरीकडे बघत, कुणालाच न विचारल्यासारखं आपल्या मालवणीत म्हणाली, "माझ्या चेडवाचा काय चुकला?"

आतोबांनी कठडा घट्ट धरला होता. ते म्हणाले, बघ, ती रडत नाहीये, पण रडणार आहे. मग थोड्या वेळाने म्हणाले, अगं, तो चेहरा खोटा नाही. मी या बाबतीत त्यांच्या मताला काय किंमत द्यायची या विचारात होते. त्यांनी आत्याकडे वळून अगदी नेहमीच्या अजिजीने विचारलं, की पुढे काय होणार. आत्या त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "इथे डोअरकीपर नाही. तुम्ही जाऊन बघा."

ते आत गेले. बनियनवर सदरा चढवला, बटणं खालीवर लागली. गोदामाच्या किल्ल्या टेबलाच्या उजव्या खणात आहेत, मला काही झालं तर ऑफिसात तेवढं कळव, असं त्यांनी मला सांगितलं. ते हे गमतीने सांगत नव्हते. मी त्यांच्यामागे जिना उतरले. अंगणात जाऊन ते सुमीपुढे उभे राहिले आणि घसा साफ करून त्यांनी विचारलं, "गोड की तिखट?"

सुमी म्हणाली, गोड. ओली की कोरडी? कोरडी. ते म्हणाले, शिरा. नाही. बेसनाचे लाडू. नाही. साटोऱ्या, चिरोटे, खांडवी. नाही, नाही. आतोबांना स्वयंपाकातलं फार काही कळत नसल्याने त्यांनी मग श्रीखंडही म्हणून बघितलं, आणि ते कोरडं असतं का हो काका, असं म्हणत एक मुलगी फिसकन हसली. पाठोपाठ त्यांनी कांद्याची भजी म्हटलं. गोड म्हणाली ना ती, असं चौघी-पाच जणी एकदम ओरडल्या आणि मग स्वतःच ओळखायला लागल्या. कुणालाच येईना. शेवटी सुमीने झाकण काढलं. आत काळपट वड्या होत्या, मालवणकडे करतात ते धोंडस, जून काकडी किसून, तांदळाच्या रव्यात गूळ घालून निखाऱ्यावर भाजलेलं. नाटकातली पुडी डोळ्यांपुढे असलेल्या माणसाने हात लावावा असा त्याचा रंग नव्हता. मुलींचे हात पुन्हा मागे गेले. आतोबांनी एक वडी उचलली, डोळे मिटले आणि तोंडात टाकली. अंगणातल्या मुली, गॅलऱ्यांमधल्या बायका, सगळे त्यांच्याकडे बघत होते. ते स्वतःही पोटावर हात ठेवून वाट बघत होते. बऱ्याच वेळाने त्यांनी एक डोळा उघडला आणि विचारलं, "अजून आहे का?"

त्यानंतर ताट किती वेळात रिकामं झालं ते मला सांगता येणार नाही. सुमीची आई पदराने डोळे पुसत आतून आणखी वड्या आणत होती आणि प्रत्येकीला कृती सांगत होती. आतोबा जिन्याच्या पायरीवर बसले होते. सुमी त्यांच्यासाठी पाणी घेऊन आली तेव्हा त्यांनी तिला ते विचारलंच, की बाळ, त्या दिवशी तू माझ्याकडे बघून हसलीस ती का. सुमी लाजली. मग हळूच म्हणाली, "मला सात सत्ते आठवत नव्हतं. तुम्ही मधे बोललात, तेवढ्यात आठवलं. म्हणून हसू आलं."

आतोबांच्या छातीवरून केवढा धोंडा उतरला ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं. ते इतके हसले की त्यांना ठसका लागला, आणि तिने आणलेलं पाणी त्यांनी एका दमात पिऊन टाकलं. त्या रात्री पोट दुखतंय म्हणून ते जरा घाबरले होते, पण एकूण पाच वड्या खाल्ल्या हे आत्याने लक्षात आणून दिल्यावर त्यांना लगेच झोप लागली. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या हाती सुमीच्या घरी वाटीभर सांबार पाठवलं आणि निरोप दिला, की आमचा उपास सुटला.

पुढची दोन-तीन वर्षं सुमी आमच्याकडेच जास्त असे. मग तिच्या वडिलांनी बोरिवलीला जागा घेतली. त्यांचं सामान टेम्पोत चढलं त्या दिवशी आतोबांनी कारखान्यातून रजा काढली होती, पण एकाही बोचक्याला त्यांनी हात लावला नाही. टेम्पो वळणाआड जाईपर्यंत ते फाटकात उभे होते. वर येऊन चहा घेताना ते म्हणाले, बोरिवली काही फार लांब नाही. आत्या म्हणाली, छे, मुळीच नाही, येत्या रविवारीच जाऊ. त्याप्रमाणे ते काही रविवारी गेलेही, परतताना बसमध्ये दोघंही पेंगत. पुढे माझं लग्न झालं, आतोबा निवृत्त झाले, गुडघे धरू लागले आणि ते जाणं मागे पडत गेलं, जसं सगळ्यांचंच पडतं. तरी मी कधी माहेरपणाला मुलुंडला गेले, की दुपारी खुर्ची गॅलरीत ओढून बसलेले आतोबा अंगणात खेळणाऱ्या कुठल्यातरी अनोळखी मुलींकडे बघत असत, आणि त्यातली एखादी बाजूला एकटी उभी असली, तर तिचं नाव काय गं, असं मला विचारत.