तलावापलीकडची शीळ

शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या काकांच्या कानाचा साऱ्या बाजारात दबदबा होता. गिऱ्हाईक मशीन टेबलावर ठेवून आपलं रडगाणं सुरू करायचं, तोवर काका चाक एकदा फिरवून मोकळे. "आत स्वयंपाकाचं तेल कुणी ओतलं?" गिऱ्हाईक ओशाळून बायकोकडे बघायचं. कानाला पत्ता लागला नाही, तर काका दोन बोटं मशीनच्या अंगावर टेकवून डोळे मिटायचे आणि बिघाड बोटांना सापडायचा.

दुकानामागेच घर. पंचेचाळिशीत काकूंना चार भिंतींचा कंटाळा आला आणि त्या रोज सकाळी तलावापर्यंत चालायला लागल्या.

"अहो, चला ना. पलीकडच्या झाडीत एक पक्षी शीळ घालतो. तीन सूर वर चढतो अन् चौथा अर्ध्यात सोडून देतो. त्याचं काय बिघडलंय ते तुम्हालाच कळेल."

"दिवसभर पायडल मारतो मी. मोजलंस तर तलावाला चार फेऱ्या होतील," काका खुर्चीतून म्हणायचे. "उद्या बघू."

उद्या उद्या करत वीस-बावीस वर्षं गेली. काकू आल्या की शिळेची बातमी सांगायच्या, काका हं हं करायचे. त्यांचं पोट टेबलाला टेकलं, साखर वाढली, तीन पायऱ्या चढल्या तरी धाप लागू लागली. लोक हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात, अशी त्यांची तक्रार सुरू झाली ती याच सुमारास.

मग एकदा शिंपी दुरुस्त केलेलं मशीन परत घेऊन आला. "काका, अजून किंचाळतंय."

काकांनी चाक फिरवलं. लोण्यासारखं चालत होतं. ते शिंप्याला झाडणार, एवढ्यात काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि हळूच म्हणाल्या, "अहो, किंचाळतंय." काकांनी चाकावरचा हात काढून घेतला.

कानाच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण आडपडदा न ठेवता बोलल्या. "वय आहे, आयुष्यभर मशीनची खडखड आहे. चालला असतात तर कान वाचलेच असते, अशी खात्री मी देणार नाही. पण साखर आटोक्यात राहिली असती, रक्त नीट खेळलं असतं, त्याचा कानांनाही फायदाच. आता तरी चाला." त्यांनी यंत्र बसवून दिलं. बोलणं ऐकू येईल, बारीक उंच आवाज कदाचित परत येणार नाहीत, असंही सांगितलं.

घरी येताना काकांना ती शीळ हवी झाली. लहान मुलाला चंद्र हवा होतो तशी. इतकी वर्षं दाराबाहेर फुकट मिळत होती, आणि आपण साधे उठलो नाही.

दुसऱ्या दिवशी ते तीन बाकांवर टेकत टेकत तलावाशी पोचले. काकू एकदम थांबल्या, बोट वर केलं. त्यांचा चेहरा उजळला. काकांनी श्वास रोखून कान दिला. एक सायकल गेली, पानं सळसळली. बाकी काही नाही.

"आली ऐकू?"

काकू इतक्या आशेने बघत होत्या की 'हो' अगदी ओठावर आलं होतं.

"नाही गं," काका म्हणाले आणि बाकावर बसले. मग काकूंना शेजारी बसवलं. "तू म्हणून दाखव."

"मला कुठे शीळ येते? गुणगुणते हवं तर."

काकू गुणगुणू लागल्या. काकांनी दोन बोटं त्यांच्या गळ्यावर टेकवली आणि डोळे मिटले.

"अहो, लोक बघतायत."

"बघू देत. काम चालू आहे माझं."

तीन सूर चढले. चौथा अर्ध्यात सुटला. बोटांना कळलं.

"काय बिघडलंय त्याचं?" काकूंनी विचारलं.

"काही नाही. कुणाची तरी वाट बघतोय."

"मीही बघत होते," काकू म्हणाल्या.

काकांनी बोटं काढली नाहीत. "पुन्हा म्हण," ते म्हणाले.