शोभाताईचा राहिलेला पावसाळा

काल शोभाताई गेली.

तिची पीएच.डी. माझ्यामुळे राहिली. हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

माझी मोठी बहीण. सौंसरच्या आमच्या मोहल्ल्यातली पहिली एम.एस्सी.
चौऱ्याऐंशीत ती कोकणात रिसर्चला गेली. विषय काय, तर समुद्राच्या तळच्या चिखलातले किडे ऋतूप्रमाणे कसे कमी-जास्त होतात.

आत्या म्हणायची, "आपल्या संत्र्यावरचे किडे कमी होते का वं, म्हणून समुद्रात गेली?"
ताई हसायची. "आत्या, त्यायच्यावरच तं मासोळ्या जगतात."

दर महिन्याला होडीतून खाडीच्या तोंडाशी जायचं. तळाचा चिखल काढायचा, चाळायचा. केसाएवढे किडे फॉर्मलिनमध्ये ठेवायचे आणि मायक्रोस्कोपखाली ओळखत बसायचं.

पावसाचं गोडं पाणी आलं की तळ ओस पडतो. पाऊस सरला की नवी पिल्लं येऊन वसतात.
एक वर्ष तिनं हे पाहिलं. दुसऱ्या वर्षीही तसंच होतं का, एवढंच बाकी होतं.

त्या दुसऱ्या वर्षीच्या जूनमध्ये बाबांना लकवा मारला.

बाबा तुटक बोलत होते. "शोभीले... नोको सांगू. तिचं काम... होऊ दे."

आई आधीच गेलेली. मी सतरा वर्षांची. घाबरले.
पोस्टात जाऊन तार केली. ताबडतोब ये.

ताई आली. बाबांना भरवणं, कूस बदलणं, सगळं तिनंच केलं. अख्खा पावसाळा.
ऑक्टोबरात बाबा गेले.

ती कोकणात परतली तेव्हा चिखल नव्या किड्यांनी भरला होता. नोंदवहीत मधले चार महिने कोरे.

गाईड म्हणाले, "दुसरा पावसाळाच नाही, तर हा बदल दरवर्षी होतो हे कसं दाखवणार? अजून एक वर्ष करा."

फेलोशिप संपली होती. ताई ट्रंक घेऊन घरी आली.

लोधीखेड्याच्या शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलं. समुद्र पुन्हा पाहिला नाही.
एकदा लॅबला पत्र टाकून सॅम्पलच्या बाटल्या मागितल्या. उत्तर आलं, जागा नव्हती, फेकून दिल्या.

मागच्या महिन्यात दवाखान्यात हिंमत करून विचारलं, "ताई, मी तार केली नसती तं?"

"बाबाले पानी कोनं पाजलं असतं?"

मला जरा बरं वाटलं.

मग ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "पन तो पावसाळा मले पायजे होता वं."

माफी मागायची राहूनच गेली.

आज दुपारी त्रिशरण-पंचशील झालं. अग्नी दिला.

शोभाताईला तिच्या अपराधी बहिणीचा शेवटचा निरोप.
जय भीम.