आबांनी धुतलेला डबल बास

आमच्या घरात जर्मनीहून आलेली एकच वस्तू होती, आणि ती आबांनी खंडेनवमीला विहिरीवर नेऊन स्वच्छ धुतली.

वस्तू म्हणजे डबल बास. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. सारंगीच्या जातीचं, पण माणसापेक्षा उंच असं हे वाद्य. चार जाड तारा, आणि उभं राहून, मिठी मारल्यासारखं धरून वाजवायचं. तो आमच्या गावी, कान्ह्याला, उतरला त्या दिवशी स्टेशनपासून घरापर्यंत निम्मं गाव माझ्यामागे आलं. (उरलेलं निम्मं आधीच आमच्या अंगणात येऊन बसलं होतं.)

"येवढा मोटा भोपळा कुटनं आनलास रं?" आईनं विचारलं.

"जर्मनीतनं!" मी सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असं सांगितलं.

खरं तर मी तो मुंबईच्या एका दुकानातून आणला होता. पण दुकानदारानं शपथेवर सांगितलं होतं की माल शंभर वर्षांचा, अस्सल जर्मन आणि जहाजातून आलेला. हे साठीच्या दशकातलं सांगतोय. बाहेरच्या मालावर तेव्हा एवढी बंधनं होती, की विलायती दाढीचं पातं असलेला माणूसही दाढी जरा सावकाश करायचा. माझ्याकडे तर अख्खा बास होता!

त्याची गरजही तशीच होती. लोणावळ्याच्या एका हॉटेलात शनिवार-रविवारी बँड वाजायचा आणि मी तिथे वाद्यं उचलायला होतो. बास वाजवायचे ते फर्नांडिस. त्यांची पाठ दुखायची, म्हणून बास मी उचलायचो. मग लावून ठेवायला लागलो. मग पाठ फारच धरली की वाजवायलाही लागलो. (भजनात पखवाजाला बसायचो, त्यामुळे ताल हातात होता. सूर फर्नांडिसांनी कान पिळून शिकवले. कान माझाच.) दोन वर्षांनी त्यांना जहाजावर नोकरी लागली; दिवाळीनंतर निघायचं होतं. मॅनेजर म्हणाले, "सदाशिव, दसऱ्याच्या संध्याकाळी तू वाजव. जमलं तर जागा तुझी. पण बास स्वतःचा पाहिजे आणि इंपोर्टेड पाहिजे. नाहीतर मुंबईचा पिंटो तयारच आहे."

आबांनी दुभती म्हैस विकली. आलेले पैसे मोजून माझ्या हातात ठेवले. म्हशीला दारातून नेताना आई मात्र माझ्याकडे जे बघत होती, ते मी अजून विसरलेलो नाही.

बास आला तसा मी तो फर्नांडिसांना दाखवायला लोणावळ्याला नेला. स्टेशनबाहेरच्या चहाच्या टपरीवर पिंटोही होता. बासवाले स्टेजवर कायम मागे उभे असतात, त्यांच्याकडे कुणी बघत नाही. त्याचा सगळा वचपा ते टपरीवर काढतात.

"तारा कसल्या? आतड्याच्या?" फर्नांडिसांनी पिंटोला विचारलं.

"छे! आता पोलादी. माझा भाऊ जहाजावरून मोज्यात घालून आणतो. कस्टमवाला सगळं तपासतो, पण मोजे हुंगत नाही."

मग फर्नांडिसांनी माझ्या बासच्या पाठीला नाक लावलं आणि डोळे मिटले.

"वास घे, पिंटो! जर्मनीच्या जंगलाचा वास आहे हा. शंभर वर्षांचं व्हर्निश!"

पिंटोनं नाखुशीनं टकटक केलं. "असं लाकूड आपल्याकडे जन्मात मिळायचं नाही."

तिथून पुढे माझी मान जी ताठ झाली, ती झालीच. गावात कुणी बास बघायला आलं की मी त्याला उंबऱ्याबाहेर उभं करायचो. आमच्या गोठ्यामागे धोंडू मिस्त्री राहायचे. रेल्वेच्या डब्यांच्या कारखान्यात सुतारकाम करून म्हातारपणी गावाला आलेले. ते दोनदा आले.

"सदा, जरा हात लावू का रं?"

"मिस्त्री, विलायती काम आहे. हात लावू नका!"

"बरं बाबा," म्हणाले आणि गेले.

खंडेनवमीच्या सकाळी मी कामशेतला झेंडूची फुलं आणायला गेलो. त्या दिवशी आमच्याकडे सगळी अवजारं धुऊन, पुसून पुजायची पद्धत. मी परत आलो तर विहिरीजवळ नांगर, कुळव, पाभर, खुरपी अशी रांग उन्हात वाळत पडलेली, आणि रांगेच्या शेवटी उताणा, ओलाचिंब जर्मनी!

"आबा!!"

"आलास व्हय? बग कसा लख्ख झालाय! त्याला ती दोन भोकं हायेत न्हवं, त्यातनं तीन बादल्या आत वतल्या. शंबर वर्सांचा मळ निगाला!"

"आबा, त्यो जर्मन हाय!"

"आरं, मंग त्यानं काय बिनआंघुळीचं ऱ्हायचं?" आबा म्हणाले. मग जरा थांबून हळूच म्हणाले, "आता ह्येच आपल्या पोटाला घालनार. म्हनून नांगराच्या रांगंला लावलंय मी त्याला."

मला एकाच वेळी आबांच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं आणि विहिरीत उडी घ्यावीशी वाटली. यातलं आधी काय करावं ते ठरवतोय तोवर बासमधून 'कट्' असा आवाज आला. मग दुसरा. ही वाद्यं सरसानं चिकटवलेली असतात आणि पाण्यानं सरस सुटतो, हे मला ठाऊक होतं. आबांना नव्हतं. बघता बघता पाठीची फळी सुटली, बाजूच्या पट्ट्या उघडल्या, आणि मान नांगराच्या रुमण्यावर जाऊन टेकली.

शेजारपाजार जमला. कुणी म्हणालं मेण लावा, कुणी म्हणालं तारेनं आवळा. आई पिठाची खळ शिजवायला आत पळाली. एकानं तर शेणामातीनं लिंपायची तयारी दाखवली!

आबा खाली वाकून सुटलेल्या फळीची आतली बाजू बघत होते. तिच्यावर पांढऱ्या रंगात इंग्रजी अक्षरं होती.

"सदा, हितं काय लिवलंय रं?"

"जर्मन कंपनीचं नाव असंल," मी रडवेल्या आवाजात म्हणालो आणि वाचलं. दोनदा वाचलं. "थर्ड क्लास."

"जर्मनीत बी थर्ड क्लास असतो व्हय?" आबांनी विचारलं.

सगळे तुकडे घोंगडीत घालून आम्ही दोघं मिस्त्रींच्या दारात गेलो. म्हातारा पूजेसाठी लाकूड तासायचा वाकस पुसत बसला होता. घोंगडी उलगडली तशी त्यांनी फळीवरून हात फिरवला. (आता हात लावू नका म्हणायची सोय नव्हती!)

"आला व्हय घरी," ते म्हणाले. मला नाही, बासला!

मग कळलं ते असं. कारखान्यात असताना एका गार्डसाहेबाचा विलायती बास सामानाच्या डब्यात पेट्यांखाली चिरडला. मिस्त्रींनी त्या तुकड्यांची मापं घेतली आणि दोन महिन्यांत नवा बास उभा केला. पाठ मोडीत काढलेल्या तिसऱ्या वर्गाच्या डब्याच्या सागवानाची. पुढची फळी यंत्राच्या खोक्याची. पुढे साहेब बास विकून विलायतेला गेला आणि तो मुंबईच्या बाजारात फिरत राहिला.

"पन मिस्त्री, ह्यो वास? व्हर्निश?"

"करंजाचं त्याल चोळलं व्हतं. वाळवी लागत न्हाई."

"तुमी वळखला कवा?"

"टेसनावरनं आनलास त्याच दिशी. आपल्या हातचं वळखू येत न्हाई व्हय?"

"मंग बोलला का न्हाई?"

"तू हात कुटं लावू दिलास! आन् येवढा ताट चालत व्हतास, म्हनलं चालू दे पोराला."

मी खाली बसलो. मिस्त्री मात्र उठले. त्यांनी चुलीवर सरस चढवला. संध्याकाळपर्यंत सगळे तुकडे जागच्या जागी बसले. वरून बैलगाडीचा दोर आवळला, त्यावर आमच्या जात्याची पाळी ठेवली, आणि दुसऱ्या दुपारपर्यंत कुणाला अंगणात शिंकूही दिलं नाही.

दसऱ्याच्या संध्याकाळी आम्ही तिघं हॉटेलात पोचलो. मी, आबा, आणि सरसाचं भांडं फडक्यात बांधून घेतलेले मिस्त्री. ("वाटंत काय सुटलं तर?") मी पहिली तार छेडली आणि घाबरून डोळेच मिटले. पण आवाज असा खोल आणि गोल निघाला, की बागेत बसलेल्या आबांनी खुर्चीचे हात पकडले. "मिस्त्री, खुर्ची हालती जनू!" आंघोळीनं त्याचा गळा खरंच मोकळा झाला असावा. त्या दोन तासांत मला जेवढा अभिमान वाटला तेवढा पुढे कशाचाच वाटला नाही. बासचा वाटला, आबांचा वाटला, आणि मागच्या भिंतीला टेकून मान डोलावणाऱ्या त्या म्हाताऱ्याचा तर फारच वाटला.

कार्यक्रम संपला तसा पिंटो धावत आला. मागून फर्नांडिस.

"काय आवाज आहे! हे जर्मन लोक म्हणजे..." म्हणत त्यानं हात पुढे केला.

"पाव्हनं," मिस्त्री मध्ये येऊन म्हणाले, "हात लावू नका. कान्ह्याचं काम हाय."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी सगळं सांगितलं, करंजाच्या तेलासकट. फर्नांडिसांनी आपलं नाक चोळलं. मॅनेजर मात्र पोट धरधरून हसले. म्हणाले, "जागा तुझी. इंपोर्टेडचं राहू दे आता."

माझा बास उचलून घ्यावा म्हणून मी हात पुढे केला, तर मिस्त्रींनी तोही बाजूला सारला.

"वाजवून झालं न्हवं? मंग तू बी हात लावू नगंस. सरस अजून वला हाय."

आणि मी, त्या बँडचा नवा कायम बासवाला, दोन्ही हात मागे बांधून, म्हैस देऊन घेतलेल्या माझ्याच वाद्याकडे लांबून बघत उभा राहिलो.