भाताची मूद

रविवारी दुपारी पानं वाढली आणि माझी बारा वर्षांची लेक भाताची मूद बोटाने ताटाच्या कडेला ढकलताना दिसली. अगदी अलगद, जशी मी गेली तीन वर्षं ढकलते तशी.

"भात नको. पोट सुटतं," ती म्हणाली.

वाक्य माझंच होतं. भर एप्रिलमध्ये स्वेटर घालून टेकडी चढणाऱ्या बाईचं. घाम म्हणजे वितळलेली चरबी, ही माझी श्रद्धा. घरी येऊन तांब्याभर पाणी प्यायले की वजनाचा काटा पुन्हा मूळ पदावर यायचा, तरी श्रद्धा ढळली नाही. पोट जावं म्हणून रोज पोटाचे व्यायाम केले. मान धरली, पोट जागच्या जागी राहिलं. यावर मी हसले असते, पण वाढत्या वयाची पोर अर्धपोटी उठायला निघाली होती. मुली आपलं सांगणं कुठे ऐकतात? त्या आपले हात बघत असतात.

मी माझ्या ताटात चांगली मोठी मूद पाडली. वर वरण, वर तूप.

"आणि तुझं डाएट?" नवऱ्याने चिमटा काढलाच.

"टेकडीवर रोज जाणार. बरं वाटतं म्हणून जाणार. पण भाताला घाबरून या घरात यापुढे कुणी जेवणार नाही, मीसुद्धा."

लेक माझ्या हाताकडे टक लावून बघत होती. मी कालवून पहिला घास घेतला, मग दुसरा.

"आई, लिंबू दे," ती म्हणाली आणि मूद पुढे ओढली.